डीसी-६ सिम्युलेटर अ‍ॅड-ऑन: इंजिनांना पैकीच्या पैकी, रॅम्पला काठावर पास

आधी निकाल सांगून टाकतो, कारण अर्धे लोक तेवढंच वाचून पुढे जातात. विमान म्हणून हे अ‍ॅड-ऑन, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फ्लाइट सिम्युलेटरला जोडून विकत घ्यायचं विमान, जबरदस्त आहे, बिनधास्त घ्या. पण जाहिरातीत ते जे लिहितात ना, अलास्कात मालवाहू विमान चालवल्याचा खराखुरा अनुभव वगैरे, त्यातलं विमान तेवढं खरं, मालवाहू नावापुरतं. मी पायलट नाही, मी गोव्यात दाबोळी विमानतळाच्या रॅम्पवर असतो, म्हणजे विमान उभं करून माल चढवतात तिथे, लोडिंग आणि लोडशीटच्या (किती वजन कुठे ठेवलं त्या कागदाच्या) बाजूला, त्यामुळे कॉकपिटच्या नादात असलेल्यांना जे दिसतच नाही ते मला पहिलं दिसतं आणि खटकतंही तेच. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर लोकांना वाटतं पैसे घेऊन लिहिलंय.

डीसी-६ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डग्लसचं चार पिस्टन इंजिनांचं विमान, पहिलं उडालं १९४६ मध्ये, शेवटचं बनलं १९५८ मध्ये, एकूण ७०४ बनली. जेट आल्यावर मोठ्या एअरलाइन्सनी ती काढून टाकली आणि बहुतेक भंगारात गेली, पण अलास्कात फेअरबँक्सच्या एव्हर्ट्स कंपनीने ती पोटापाण्याच्या धंद्याला जुंपलेली आहेत, एअर शोला मिरवायला नाही तर माल आणि इंधन वाहायला. त्यांच्याकडे सी-४६ पण आहेत, हे तेच विमान जे दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालय ओलांडून चीनला सामान न्यायचं. कॅनडाच्या बाजूला यलोनाइफ आणि ‘हे रिव्हर’ या गावांत बफेलो एअरवेज, १९७० पासूनची, डीसी-३, डीसी-४, सी-४६ असल्या म्हाताऱ्या विमानांवरच नाव कमावलेली. अ‍ॅड-ऑनसोबत उत्तरेकडचे विमानतळ, खडीच्या धावपट्ट्या, रंगसंगती असं सगळं पॅकेज येतं.

ही विमानं तिथेच का टिकली हे एकदा कळलं की खेळायला दुप्पट मजा येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अलास्कातल्या बहुतेक गावांना रस्ताच नाही. उन्हाळ्यात नदी मोकळी असते तेव्हा बार्जने डिझेल, लाकूड, सिमेंट येतं, नदी गोठली की सगळं हवेतून. धावपट्टी बहुतेक ठिकाणी खडीची, आणि जेट इंजिन खाली लटकलेलं असतं ते खडे आत ओढतं. ७३७-२०० ला त्यासाठी वेगळं किट बसवायचे, पुढच्या चाकाला खडे अडवायला पत्रा आणि इंजिनाखाली हवेचा झोत मारणारी नळी. पिस्टनवाल्या डग्लसला हे इंजिनात खडे जायचं टेन्शन नाही. आणि सगळ्यात मोठं कारण पैशाचं आहे. आमच्याकडे येतं ते ए-३२० जमिनीवर उभं राहिलं तरी त्याचा लीजचा मीटर चालू असतो, म्हणून तर अर्ध्या तासात टर्नअराउंड करा, म्हणजे आलेलं विमान परत उडायला तयार करा, म्हणून सगळे डोक्यावर बसतात. डीसी-६ चे पैसे कधीच फिटलेले, हप्ता नाही काही नाही, वातावरण खराब म्हणून उभं राहिलं तर राहूदे, परवडतं. उडतं तेव्हा मात्र खातं, तासाला हजार-दीड हजार लिटर पेट्रोल, आणि मेकॅनिकचे तास वेगळे. म्हणजे उभं राहायला स्वस्त आणि उडायला महाग, नव्या विमानाच्या बरोबर उलटं गणित.

असो, मूळ मुद्द्यावर येतो, इंजिन.

प्रॅट अँड व्हिटनीचं आर-२८००. नऊ-नऊ सिलिंडरांच्या दोन रांगा म्हणजे एकाला १८, एकूण ४६ लिटरचं इंजिन, आणि असली चार. चालू करायची जी पद्धत आहे ती या अ‍ॅड-ऑनने इतकी मनापासून केलीय की मी पहिल्यांदा नुसतं चालू-बंद करत बसलो होतो. आधी फक्त स्टार्टर, इग्निशन बंद, आणि खिडकीतून बघत पंख्याची पाती मोजायची. कारण असं की बंद इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं, आणि तेल काही दाबलं जात नाही, तसंच पेटवलं तर आतला रॉड वाकला म्हणून समजा. पाती मोजून झाली, पंखा कुठे अडला नाही, की मग इग्निशन, प्रायमरचं बटण धरून ठेवायचं, एखादं सिलिंडर पेटतं, परत गप्प, मग दोन, मग चार, निळा-पांढरा धूर पंखावरून मागे जातो, आणि मग बरोबर वेळ साधून मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) द्यायचं. लवकर दिलं तर इंजिन बुडतं, उशिरा दिलं तर विझतं. चारही चालू झाली की प्रत्येकाचा आवाज जरा जरा वेगळा येतो आणि चारही पंख्यांचे आरपीएम जुळवेपर्यंत हेडफोनमध्ये जो घुमणारा आवाज येत राहतो ना, उं-उं-उं असा, तो अगदी बरोबर पकडलाय. घरच्यांनी विचारलं गिरणी लावलीय काय.

टेकऑफला पाणी-मिथेनॉलचं इंजेक्शन आहे, ते सुरू केलं की सिलिंडर आतून थंड राहतात आणि जास्त दाब सहन करतात, मग इंजिनाला एरवीपेक्षा जास्त ताकद मागता येते. यात एक बारीक गोष्ट त्यांनी नीट केलीय त्याबद्दल खास मार्क. ही इंजिनं मुळात ११५/१४५ ग्रेडच्या पेट्रोलवर चालायची, ते पेट्रोल आता मिळत नाही, आज १०० एलएल (कमी शिशाचं विमानाचं पेट्रोल) वापरतात आणि त्यामुळे टेकऑफची पॉवर कमी ठेवावी लागते. अ‍ॅड-ऑनमध्ये तुम्ही पेट्रोल निवडायचं आणि त्याप्रमाणे मर्यादा बदलतात. मर्यादा ओलांडली तर लगेच काही होत नाही, छान चाललंय असं वाटतं, आणि वीस मिनिटांनी एका इंजिनाचा तेलाचा दाब उतरायला लागतो. हे फार आवडलं. बाकीच्या अ‍ॅड-ऑनमध्ये मोठ्या लाल अक्षरात सूचना येते, इथे काटे बघायची सवय नसेल तर तुम्हाला काहीच कळत नाही.

थंडी पण चांगली केलीय. जानेवारीत लाइव्ह हवामान लावून फेअरबँक्सला गेलो तर उणे ४० च्या आसपास, जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा आकडा एकच होतो. इतक्या थंडीत धुराड्यातल्या आणि गाड्यांच्या वाफेचंच बर्फाचं धुकं होऊन ते विमानतळावर बसतं, वर आकाश निरभ्र आणि खाली धावपट्टीचा शेवट दिसत नाही, ते त्यांनी दाखवलंय. हवा दाट असल्यामुळे विमान पटकन उचलतं. पण उतरताना हीच थंडी घात करते, कारण अल्टिमीटर नेहमीच्या तापमानावर मोजलेला असतो, कडक थंडीत तो खरं आहे त्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, म्हणजे तुम्ही समजता त्यापेक्षा खाली असता. डोंगराळ भागात हा फरक किती महागात पडेल विचार करा. दुसरं म्हणजे खाली येताना थ्रॉटल एकदम मागे ओढायचा नाही, तापलेले सिलिंडर गार हवेत एकदम थंड झाले तर तडा जातो, म्हणून पन्नास-साठ मैल आधीपासून थोडी थोडी पॉवर कमी करत यायचं. जेटवर शिकलेल्यांना ही सवय नसते. मी फोर्ट युकॉनला उतरलो, फेअरबँक्सच्या ईशान्येला, आर्क्टिक वर्तुळाला चिकटून असलेलं गाव, खडीची धावपट्टी, टायर टेकल्यावर पंखे रिव्हर्स केले तर बर्फाचा एवढा भुगा उडाला की समोरची काच गेली. गंमत म्हणजे अलास्कातलं सर्वात जास्त तापमान पण याच गावातलं, १९१५ मध्ये ३८ अंश. आपल्या पणजीला मे महिन्यात पण एवढं क्वचित होतं.

फ्लाइट इंजिनिअरचं काम टॅबलेटवर एक अदृश्य माणूस करतो, सांगाल तेव्हा काऊल फ्लॅप (इंजिनाला हवा कमी-जास्त देणारी झाकणं), मिक्श्चर, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारा) बघतो. नवख्यांना चांगलं. पण थोडं येऊ लागल्यावर बंद करा, नाहीतर डीसी-६ मधलं जे करायचं असतं तेच तो करतो आणि तुम्ही नुसते स्टिअरिंगला.

आता रॅम्प. टॅबलेटवर एक स्लायडर आहे, तो उजवीकडे ओढला की बारा टन माल आत. संपलं! पुढचा किती, मागचा किती तेवढं एक चित्र दिसतं आणि हिरवी टिकमार्क येते. अरे बाबांनो, या धंद्यात पैसे मिळतात तेच मुळी या स्लायडरच्या जागी जे काम असतं त्याचे. मालवाहू डीसी-६ ला डाव्या बाजूला पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे दरवाजे, माल जमिनीपासून खूप वर चढवायचा, मागून आधी भरलं तर नाक वर उचलून विमान शेपटीवर बसेल म्हणून शेपटीखाली टेकू लावायचा, मग एकेक पॅलेट आत ढकलत न्यायचं, नेट टाकायचं, पट्टे आवळायचे. हे सगळं उणे तीस-चाळीसला, जाड हातमोजे घालून. आमच्याकडे जून-जुलैच्या पावसात रेनकोट घालून कंबर मोडेपर्यंत बॅगा भरतो तेव्हा पट्ट्याचा बकल घसरतो तर जीव जातो, तिथे तर उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडं चिकटतं.

आणि त्याच्याही आधीचं काम म्हणजे इंजिन गरम करणं. रात्रभर बाहेर उभ्या विमानाचं तेल घट्ट होऊन बसतं, मग इंजिनांवर जाड कव्हर घालून खालून हीटरचे गरम हवेचे जाडजूड पाइप लावतात आणि तासन् तास थांबतात. काही जण आदल्या दिवशी इंजिन बंद करण्याआधी तेलात थोडं पेट्रोल मिसळायचे, म्हणजे सकाळी ते पातळ राहील, आणि इंजिन तापलं की पेट्रोल उडून जाईल. अ‍ॅड-ऑनमध्ये हीटर आहे हो, विमानाशेजारी उभा केलेला दिसतो, सुंदर मॉडेल आहे, पाइपवर बर्फ पण जमलाय. एक बटण दाबलं की दहा सेकंदांत चारही इंजिनं गरम. निदान घाई केली तर इंजिन रुसेल एवढा तरी पर्याय ठेवायला हवा होता, उड्डाणातलं एवढं सगळं खरं केलंत तर इथेच का हात आखडला?

लोडशीटचं मी उगाच मनाला लावून घेतोय असं वाटेल, म्हणून एक खरी घटना सांगतो. १९ ऑगस्ट २०१३, यलोनाइफहून हे रिव्हरला निघालेलं प्रवासी डीसी-३, उडाल्याबरोबर उजव्या इंजिनाला आग. परत वळताना झाडांना घासलं आणि चाकं वरच असताना धावपट्टीच्या बाजूला पोटावर उतरलं, आतले २४ च्या २४ जण सुखरूप. चौकशीत निघालं की निघण्याआधी नेमकं वजनच काढलेलं नव्हतं, आणि विमान ठरलेल्या कमाल वजनाच्या वर होतं. एक इंजिन गेल्यावर दुसऱ्याने उंची धरून ठेवायची तर वजन मर्यादेत लागतं, एवढं साधं आहे. म्हणजे त्या दिवसाची अर्धी गोष्ट कॉकपिटमध्ये नाही, जमिनीवरच लिहिली गेली होती. सिम्युलेटरमध्ये मात्र वजन जास्त झालं तर स्लायडर लाल होतो आणि पुढे सरकतच नाही, चुकायची सोयच ठेवलेली नाही. चुकीचं वजन सांगणारा गिऱ्हाईक, ओलं झालेलं लाकूड, जास्तीची एक स्नोमोबाइल घ्याच म्हणून मागे लागलेला माणूस, असलं काहीतरी टाकलं असतं तर मजा आली असती.

मिशनमध्ये माल म्हणून नुसतं कार्गो असं लिहून येतं त्याचाही राग आला. काय माल? कुणाचा? अलास्कात अमेरिकेच्या पोस्टाची एक बायपास मेल नावाची योजना आहे, १९७० च्या दशकापासूनची. दुकानदार किमान हजार पौंडाची ऑर्डर एकत्र बांधून घेतो, ते पॅलेट पोस्ट ऑफिसात न जाता थेट विमान कंपनीकडे जातं आणि भाडं लागतं पार्सल पोस्टाचं. म्हणजे गावातल्या दुकानातलं कोल्ड्रिंक, डायपर, पीठ, सगळं टपाल म्हणून उडतं! इतका भारी मसाला समोर असताना यांनी कार्गो १, कार्गो २ असं लिहिलंय. इंधनाच्या फेरीचं पण तेच. खऱ्या आयुष्यात विमानाच्या पोटात टाक्या असतात, गावात उतरल्यावर होज जोडून पंपाने ते घरं तापवायचं तेल उपसून द्यायचं. इथे इंजिन बंद केलं की टाक्या आपोआप रिकाम्या. हे काम किती जोखमीचं आहे ते एप्रिल २०२४ मध्ये दिसलं, फेअरबँक्सहून कोबुक गावाला असंच तेल घेऊन निघालेलं सी-५४, म्हणजे डीसी-४ चीच लष्करी आवृत्ती, उडाल्यावर थोड्याच वेळात टनाना नदीच्या काठी पडलं, पोटात बारा हजार लिटरच्या आसपास तेल, दोन्ही पायलट गेले. एवढं सगळं ज्या फेरीत असतं ती फेरी नुसती ए पासून बी पर्यंत नेऊन सोडणं मला पटत नाही.

करिअर मोडमध्ये यलोनाइफच्या बाजूला मात्र एक गोष्ट मस्त केलीय. तुम्ही वर्ष निवडू शकता. मॅकेन्झी नदीवर २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये डेह चो पूल झाला, त्याआधी उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता. मधले काही आठवडे, बर्फ फुटायला लागला की फेरी पण नाही आणि रस्ता पण नाही, आणि तेव्हा शहराची भाजी-दूध सगळं विमानाने. २०१२ च्या आधीचा मे महिना लावा, कामं संपत नाहीत, २०१३ लावा, त्याच महिन्यात मोबदला धाडकन खाली. चोडण-दिवाडीच्या माणसाला हे सांगायला नको, पूल झाला की फेरीवाल्याचं काय होतं ते.

आपल्याकडे असल्या विमानांचं काय अप्रूप असं म्हणाल तर दाबोळी विमानतळ सुरूच झाला असल्या विमानांवर. १९५५ पासून पोर्तुगीज अमदानीतली टीएआयपी ही विमान कंपनी इथून चालायची, डग्लसची चार इंजिनवाली विमानं त्यांच्याकडे होती, आणि गोवा मुक्तीच्या वेळच्या, १८ डिसेंबर १९६१ च्या भारतीय बाँबफेकीनंतर त्याच रात्री मोडक्या धावपट्टीवरून त्यांचं एक डग्लस आणि लिस्बनच्या कंपनीचं एक कॉन्स्टेलेशन समुद्रावरून खालून खालून उडत कराचीला निसटलं, हा किस्सा वास्कोत जुन्या माणसांकडून ऐकला नसेल असा माणूस कमी. अ‍ॅड-ऑन घ्यायच्या आधी बोगमाळोच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला एक चक्कर मारा असं मी सांगेन. तिथे बाहेर नौदलाचं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, आधी एअर इंडियाचं असलेलं, इंजिनं डीसी-६ पेक्षा मोठी पण जात तीच, अठरा सिलिंडरांची. त्याच्या पंख्याखाली उभं राहून वर बघा आणि मग विचार करा की यावर शिडी लावून, चाळीस अंश थंडीत, कव्हर चढवायचंय. स्क्रीनवर याचा आकार कळतच नाही.

आता कामाच्या गोष्टी. किंमत डॉलरात आहे, माझ्या कार्डावर चार हजारांच्या वर गेली, सणासुदीच्या सेलमध्ये उतरते तेव्हा घ्या. साध्या लॅपटॉपवर फेअरबँक्सचा विमानतळ अडखळतो, ढग आणि बर्फ मध्यम वर ठेवले की चालतं, ग्राफिक्स कार्ड बरं असेल तर प्रश्न नाही. चार वेगळे थ्रॉटल असलेलं यंत्र असेल तर स्वर्गसुख, एकाच थ्रॉटलवर पण होतं पण मग इंजिनं जुळवण्याची गंमत गेली. किनाऱ्याजवळ राहत असाल तर एक सांगतो, खाऱ्या हवेने जॉयस्टिकचे आतले कॉन्टॅक्ट खराब होतात, थ्रॉटल आपोआप थरथरतो आणि इथे त्या थरथरीने खरंच इंजिन बिघडतं, तेव्हा सेटिंगमध्ये डेड झोन (जिथे बारीक हालचाल मोजलीच जात नाही) थोडा वाढवा, आणि वापर नसेल तेव्हा सिलिका जेलची पुडी टाकून कपड्यात गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा मधली स्थिती सेव्ह होत नाही, इंजिनांची झीज मात्र सेव्ह होते, म्हणजे फेरीचे पैसे बुडतात आणि ओव्हरहॉलचं बिल तेवढं राहतं, इन्व्हर्टर नसेल तर जून ते सप्टेंबर लांबची फेरी घेऊ नका. मॅन्युअल जाडजूड आहे, इंग्रजीत, पण इंजिन स्टार्ट आणि पॉवर सेटिंगची पानं प्रिंट काढून भिंतीवर लावा, बाकीचं उडताना कळत जातं.

नुसतं उडवायचंय त्यांनी डोळे मिटून घ्यावं. धंदा चालवायची हौस आहे त्यांनी पुढच्या अपडेटपर्यंत थांबावं, त्यात लोडिंग सुधारणार असं कंपनी म्हणतेय. मी त्यांना टेकू, ट्रिमशीट (मालाच्या जागेवरून विमानाचा तोल काढायचा कागद) आणि बायपास मेलबद्दल लांबलचक ईमेल पाठवलाय, उत्तर आलंय की टीमकडे दिलंय.